खिशातल्या चाकूची धार: दगडांची नोंद, आषाढ ते भाद्रपद

बाकावर या खेपेला तीन पाती आहेत. ओपिनेलचं कार्बन पोलादाचं आठ नंबर (पातं साडेआठ सेंटिमीटर), ८सीआर१३एमओव्ही पोलादाचा एक लॉकवाला चाकू, आणि डी२ पोलादाचा एक जाड पाठीचा. दगडही तीनच: २०० × ५० × २५ मिलिमीटरचा सिलिकॉन कार्बाइडचा दुहेरी दगड, जपानी मापाचा १००० चा पाण्याचा दगड, आणि ४००/१००० ची हिऱ्याची पट्टी (हिऱ्याचे कण बसवलेली). नंबर जितका मोठा तितका कण बारीक. ३००० आणि ६००० चे दगड मुद्दाम कपाटात ठेवले. बारीक दगडाला हात न लावता, नुसता सपाट दगड आणि पूर्ण काढलेला बर (धारेवर उलटलेली धातूची बारीक कोर) यांवर धार कुठवर जाते ते पाहायचं होतं. वर्तमानपत्र आडवं-उभं दोन्हीकडून न अडकता कापलं जातं, टोमॅटोची साल पात्याच्या वजनानेच उतरते, हातावरचे केस निघतात. रोजच्या वापराच्या चाकूला याहून जास्त लागत नाही.

दगड सपाट करणं

सगळ्यात जास्त वेळ इथे गेला, आणि तो जायलाच हवा होता. दुहेरी दगड मधोमध इतका खोलगट झाला होता की वर पोलादी पट्टी ठेवली तर खालून उजेड दिसायचा. अशा दगडावर पात्याचा कोन प्रत्येक फटक्यात बदलतो: कडेला एक, मध्ये दुसरा. हात कितीही स्थिर असला तरी धारेचा उतार गोल होतो, आणि आपण दोष हाताला देत बसतो.

काचेच्या दुकानातून ८ मिलिमीटर जाडीची, ३० × २० सेंटिमीटरची काच कडा घासून आणली. तिच्यावर चमचाभर ८० नंबरची सिलिकॉन कार्बाइडची पूड आणि थोडं पाणी. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, आणि दर तीसेक फेऱ्यांनी दगड उलट टोकाने धरायचा, नाहीतर हाताच्या दाबाची बाजू जास्त उतरते. पूड मऊ झाल्याचं आवाजावरून कळतं: खरखर थांबून नुसता चिखल फिरायला लागतो. मग नवी पूड. पेन्सिलीची शेवटची रेघ गेली की दगड सपाट. कडाप्प्याच्या तुकड्यावर हेच करून पाहिलं तर आधी कडाप्पाच झिजतो. काचही झिजते, पण हळू. दोन्ही बाजू आलटून पालटून वापरायच्या. हा गाळ बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात घट्ट बसतो.

सपाट झाल्यावर दगडाच्या चारही कडा ४५ अंशांत दोनेक मिलिमीटर मारून घ्याव्यात. तीक्ष्ण कड राहिली तर तिचे टवके उडतात आणि त्यातला एखादा कण नेमका धारेखाली येतो.

तेल की पाणी

आपल्याकडचे जुने दुहेरी दगड बहुतेक स्वयंपाकघरातल्या तेलाने मेलेले असतात. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन राळेसारखं बसतं. दगडाची छिद्रं बुजतात आणि पातं नुसतं घसरतं. असा दगड रॉकेलमध्ये (न मिळाल्यास टर्पेन्टाइनमध्ये) चोवीस तास बुडवून, तारेच्या नव्हे तर नायलॉनच्या ब्रशने घासून, भांड्यांच्या साबणाने धुवायचा. गॅसपासून लांब, उघड्या जागी. एकदा पुरलं नाही तर दुसऱ्यांदा. त्यानंतरही पृष्ठभाग चकचकीत दिसला तर वरची काच-पूड आहेच. पुढे तेल वापरायचं असेल तर शिलाई मशीनचं. कोरा दगड पाण्यावरही चालतो, पण एकदा तेल प्यायलेला दगड पाण्याकडे परत येत नाही, हे घेतानाच ठरवून टाकावं.

पाण्याचा १००० चा दगड दहा-पंधरा मिनिटं भिजवायचा आहे की नुसतं पाणी शिंपडून वापरायचा, हे त्याच्या बांधणीवर (कण धरून ठेवणाऱ्या मसाल्यावर) असतं. मॅग्नेशिया बांधणीचे दगड बुडवून ठेवले तर कमजोर होतात आणि उन्हात वाळवले तर तडकतात. कोणताही असो, वाळवायचा सावलीत आणि उभा. पावसाळ्यात कोल्हापुरात तो दोन दिवस ओलाच राहतो, डब्यात बंद केला तर बुरशी धरतो.

नंबरांचा घोळ

पॉलिशपेपरवरचा पी १००० आणि जपानी दगडावरचा १००० एक नव्हेत. पी १००० चा कण साधारण १८ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), जपानी १००० चा ११ ते १४ मायक्रॉनचा. म्हणजे दगडाचा १००० हा कागदाच्या पी १५०० ते पी २००० च्या आसपास बसतो. ज्यांनी कागदावरून दगडावर उडी मारली आणि ओरखडे जात नाहीत म्हणून वैतागले, त्यांचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं. स्वस्त दगडावर छापलेल्या १०००० वर तर मुळीच जाऊ नये. कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूल्सच्या दुकानात उभं राहून दगड घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: पोलादी पट्टी ठेवून सपाटपणा; बोटांवर अधांतरी धरून टिचकी मारली तर आवाज खणखणीत येतो की बद्द (बद्द असेल तर आत तडा आहे); आणि दोन्ही बाजूंचा कण सगळीकडे सारखा आहे का.

पायरीच्या काळ्या दगडावर विळी घासण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. मऊ लोखंडाच्या विळीला ते पुरतं. पण बेसॉल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतं, त्यातलं फेल्डस्पार हे खनिज मोहसच्या कठीणपणाच्या मापावर ६ च्या आसपास. नीट पाणी देऊन कडक केलेल्या पोलादाला हा दगड कापत नाही, नुसता चोळतो. धारेच्या दगडांत वापरला जाणारा कुरुंद ९ वर आहे. इंग्रजीतला कोरंडम हा शब्द तमिळ कुरुंदमवरून गेला, मराठीतही कुरुंदच. दगड निवडताना खरा प्रश्न हाच असतो: या पोलादातल्या सगळ्यात कठीण कणापेक्षा माझ्या दगडाचा कण कठीण आहे का? ओपिनेल आणि ८सीआर कशावरही उतरतात. डी२ मधले क्रोमियमचे कार्बाइड (पोलादातले कठीण कण) मोठे असतात. कुरुंद त्यांना कापतो, पण सावकाश. व्हॅनेडियम भरपूर असलेलं पोलाद (उदा. एस३०व्ही) असेल तर व्हॅनेडियमचे कार्बाइड कुरुंदापेक्षाही कठीण, तिथे सरळ हिऱ्याची पट्टी.

कोन

अंदाजावर सोडू नये. पात्याची रुंदी (धारेपासून पाठीपर्यंत) गुणिले कोनाचा साइन, त्यातून पाठीच्या जाडीचा निम्मा वजा करा: तेवढी पाठ दगडापासून वर हवी. आपलं ८सीआर पातं १८ मिलिमीटर रुंद, पाठ २.८. अठरा अंशांना १८ × ०.३०९ = ५.५६, वजा १.४, म्हणजे सुमारे ४.२ मिलिमीटर. व्हर्नियरवर (जाडी मोजायच्या साधनावर) ४.२ भरेपर्यंत नाणी रचा, पाठ त्यांवर टेकवा, मनगट तो कोन पाहून घेतं. मग नाणी काढा. उतारावर मार्कर फासून दोन फटके मारा. शाई धारेपाशी राहिली तर पाठ फार खाली आहे, वरच्या कडेला राहिली तर फार वर. टोकाकडे येताना पातं वळतं, तिथे मूठ थोडी उचलावी लागते. उचलली नाही तर टोकाची शाई तशीच राहते, जास्त उचलली तर टोक बोथट होतं.

घडीच्या चाकूची स्वतःची तीन दुखणी. एक, मुठीजवळची धार दगडाला लागतच नाही, आणि काही महिन्यांनी तिथे पातं आत वळलेलं दिसतं. दोन-तीन मिलिमीटर व्यासाच्या गोल हिऱ्याच्या कानशीने धारेच्या मुळाशी लहान खाच पाडली की धार पूर्ण लांबीची होते. दोन, अंगठ्याची घुंडी दगडावर आपटते. दगड सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातलेल्या पाचेक सेंटिमीटर उंच ठोकळ्यावर ठेवून पातं दगडाच्या कडेने चालवावं. तीन, गाळ बिजागरीत जातो. आधी कागदी टेप, शेवटी धुऊन थेंबभर हलकं तेल. ओपिनेलची कडी फिरवून पातं पक्कं करा. लॉक नसलेल्या चाकूत बोटं पात्यावर दाबताना पाठीवर जोर येऊ देऊ नका, पातं बोटांवर मिटतं.

बर

धारेच्या पलीकडे उलटलेली धातूची बारीक कोर म्हणजे बर. तो पूर्ण लांबीभर येईपर्यंत बाजू बदलायची नाही, कारण जिथे बर नाही तिथे दोन उतार अजून भेटलेलेच नाहीत. तपासायला कापूस उत्तम: पाठीकडून धारेबाहेर ओढला की जिथे बर आहे तिथे तंतू अडकतात. दहापटीच्या भिंगाखाली तो चांदीच्या तारेसारखा दिसतो, मधेमधे तुटलेला.

आता चूक कुठे होते ते. १००० वर बर आला, दोन्हीकडून पाच-पाच फटके मारले, कागद कापला गेला, काम झालं असं वाटतं. दोन दिवसांत धार जाते. ती धार नव्हतीच, उभा राहिलेला बर होता, जो भाजीच्या फळीला पहिल्यांदा लागताच दुमडला. मऊ पोलादात (८सीआर साधारण ५६-५८ एचआरसी, म्हणजे रॉकवेल कठीणपणा) हे जास्त, कारण तिथला बर लवचिक असतो, तुटत नाही, नुसता या बाजूचा त्या बाजूला होतो. उपाय: १००० वरच, धार पुढे ठेवून, एका बाजूचा एक आणि दुसऱ्या बाजूचा एक असे फटके, दाब फक्त पात्याच्या वजनाचा, कोन दोन अंश वर. आठ-दहा जोड्या. मधे एकदा कापूस. तरी बर हलला नाही तर लाकडाच्या कडेवर हलक्या हाताने एकदा धार ओढायची आणि पुन्हा चार जोड्या. दाब वाढवला तर नवा बर तयार होतो, आणि फिरून तेच.

पट्टा

धारेला शेवटचा हात द्यायला कातड्याचा पट्टा लागतो. कोल्हापुरातल्या चप्पल लाइनमधून मिळणारा कोल्हापुरी चपलेच्या तळाचा तुकडा या कामाला फार छान आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते कातडं घट्ट असतं, दाबलं जात नाही. बॅगेचं मऊ कातडं धारेखाली खचतं, वर उसळतं आणि धार गोल करतं. २५ × ६ सेंटिमीटरचा तुकडा सपाट फळीवर फेव्हिकॉलने, वजनाखाली रात्रभर. गुजरीच्या (सराफ बाजाराच्या) आसपास सोनारी अवजारांच्या दुकानात पॉलिशची हिरवी वडी मिळते, तिच्यात क्रोमियम ऑक्साइड असतं. खडूसारखी पातळ घासावी. धार मागे ठेवून, कोन दगडाएवढाच, बाजूला दहा.

पाऊस आणि कार्बन पोलाद

ओपिनेल ओल्या दगडावर असतानाच तपकिरी होऊ लागतं. हिऱ्याच्या पट्टीवर वापरायच्या पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा घातला तर गंज थांबतो. नंतर साध्या पाण्याने धुऊन, कोरडं पुसून तेल.

सध्याची स्थिती: ओपिनेल आणि ८सीआर पूर्ण. डी२ वर ४०० ची हिऱ्याची बाजू अजून चालू आहे. उजव्या बाजूचा बर मुठीपासून सहा सेंटिमीटरपर्यंत आला, टोकाच्या शेवटच्या दीड सेंटिमीटरवर मार्करची शाई अजून तशीच आहे. पट्टी नवी असल्याने तिचे पहिले ओरखडे नंबरापेक्षा जाड पडताहेत. दाब न वाढवता ती बसू द्यायची आहे, कारण दाबाने हिऱ्याचे कण निकेलमधून उपटून निघतात. पुढची बैठक टोकापासूनच सुरू होईल.