एमेंटालच्या तळघरातली जिरेनियम

स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळच्या ज्या रोपवाटिकेत मी काम करते, तिथे हिवाळ्यात आमचा निम्मा वेळ लोकांच्या कुंड्या सांभाळण्यात जातो. ऑक्टोबरात गावोगावच्या बाल्कन्यांमधून जिरेनियम, लिंबू, ऑलिव्ह आणि आपल्याकडे कुंपणाला सहज वाढणारी कण्हेरसुद्धा गोळा करून आणायची आणि मेच्या मध्यापर्यंत थंड हरितगृहात ठेवायची. तिथलं तापमान पाच ते दहा अंशांच्या मध्ये राखलेलं असतं. त्याहून जास्त ऊब दिली तर झाडं अंधाऱ्या दिवसांतही वाढायला बघतात आणि खंगतात. शून्याखाली गेलं तर जिरेनियमची रसाळ खोडं गोठतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा लगदा झालेला असतो.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एमेंटाल खोऱ्यातल्या एका शेतघरातून फोन आला. आवाज म्हातारा, पण ठणठणीत. "आमची जिरेनियम यंदा गेली. सून म्हणते टाकून देऊ. तुम्ही एकदा येऊन बघाल का?" आम्ही सहसा कुणाच्या घरी बघायला जात नाही. पण एमेंटालच्या जुन्या शेतघरांच्या खिडक्यांखालची लाल ओळ म्हणजे त्या घराची शोभा आणि अब्रू दोन्ही. मालक म्हणाले, जाऊन ये.

बाहेर उणे आठ. घर तिथल्या पद्धतीचं, भलंमोठं लाकडी, छप्पर दोन्ही बाजूंनी पार खाली उतरलेलं. आजींचं (मी मनात त्यांना आजीच म्हणत होते) शरद ऋतूत गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे त्या तळघराचा जिना उतरू शकत नव्हत्या. जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या आणि सूनबाई दिवा घेऊन माझ्यापुढे झाल्या.

तळघराचे दोन भाग होते. आतला जुना, दगडी भिंतींचा, खाली नुसती माती. तुळईला दोऱ्यांनी जिरेनियम उलटी टांगलेली: माती झटकलेली, मुळं वर, शेंडे खाली. ही या घरातली सासूकडून सुनेकडे आलेली रीत. पानं केव्हाच गळून गेलेली, खोडं करड्या रंगाची, सुरकुतलेली. हातात घेतलं तर सरपणाला काढून ठेवलेल्या काड्यांपेक्षा वेगळं काही वाटू नये. बाहेरच्या भागात घर गरम करणारा बॉयलर आणि एक लहान खिडकी. तिथे जमिनीवर कुंड्यांची रांग होती. आजी ऑपरेशनला गेल्या तेव्हा अर्धीच झाडं टांगून झाली होती. उरलेली सूनबाईंनी कुंडीसकट खाली आणून ठेवली. या कुंड्यांतल्या झाडांना पानं होती, लांबलांब फिकट फुटवेही होते.

"ही तेवढी जगलीत," सूनबाई कुंड्यांकडे बोट दाखवत म्हणाल्या. "आतली गेली."

मी आधी आतली पाहिली. टांगलेल्या एका झाडाचं खोड धरलं आणि बुंध्याजवळ अंगठ्याच्या नखानं साल खरवडली. सालीखाली हिरवं होतं, ओलसर. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. दाराजवळची, जिथे वाऱ्याची झुळूक लागते तिथली, आतपर्यंत तपकिरी आणि कडकडीत. वाकवली की मोडत होती. ती खरंच गेली होती. पण आतल्या ओळींतली बहुतेक जिवंत होती. आजी दर महिन्याला मुळं तासभर पाण्यात बुडवून पुन्हा टांगायच्या. यंदा नोव्हेंबरनंतर ते कुणी केलं नव्हतं, म्हणून ती इतकी आकसली होती. मातीच्या जमिनीच्या दमटपणानं त्यांना कसंबसं धरून ठेवलं होतं. भिंतीवरचा तापमापक सात अंश दाखवत होता.

मग कुंड्यांपाशी बसले. बोट मातीत घातलं तर चिखल. झाडाचा बुंधा मातीलगत काळाकुळकुळीत, चकाकणारा, बोटानं दाबला की आत जाणारा. पहिली पाच-सहा झाडं तशीच. वरची पानं केवळ खोडात साठलेल्या पाण्यावर तग धरून होती.

"पाणी कधी घालता?"

"दर रविवारी. सासूबाईंनी इतकी वर्षं जपलीत, माझ्या हातून सुकायला नकोत म्हणून."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला पुढचं बोलायला जड गेलं. पण बोलले, कारण पुढच्या हिवाळ्यात हीच झाडं त्यांनाच सांभाळायची होती. ही झाडं मुळात दक्षिण आफ्रिकेची. तिथल्या कोरड्या हंगामांतून तगायचं म्हणून खोडातच पाणी साठवतात. उजेड कमी, पानं कमी, म्हणजे मुळं पाणी ओढतच नाहीत. घातलेलं सगळं कुंडीत बसून राहतं, वाफसा येतच नाही. थंड, भिजक्या मातीत पिथियम नावाचा बुरशीसारखा रोगजंतू मुळांतून शिरतो आणि खोड खालून काळं करत वर चढतो. त्यात शेजारी बॉयलर. ऊब मिळाली, प्रकाश नाही, म्हणून ते फिकट फुटवे. ते वाढीचे नव्हते, झाडाची उरलीसुरली शिदोरी संपत असल्याचे होते.

महाराष्ट्रात अलीकडे तेलासाठी सुगंधी जिरेनियम लावणाऱ्या शेतकऱ्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही. ते याच कुळातलं झाड, आणि तिथे त्याचा वैरी पावसाळा. शेतात पाणी साचलं की मूळ कुजतं, म्हणून पावसाळ्यात मातृरोपं आडोशाखाली तगवायची आणि पुढच्या लागवडीला त्यांच्याच काड्या घ्यायच्या. लखनऊच्या सीमॅप या औषधी आणि सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेनं त्यासाठी कमी खर्चाच्या पॉलिहाऊसचं तंत्र दिलं आहे. राहुरीला कृषी विद्यापीठात शिकताना मुळांना हवा लागते हे वाक्य मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. ते वाक्य बर्फाच्या देशातही तितकंच लागू आहे हे इथे येऊन रोज दिसतं.

कुंड्यांमध्ये एक झाड असं होतं की आजी वरून सारखं विचारत होत्या, "गडद लाल बघितलंत का?" एकेरी पाकळ्यांचं, जवळजवळ काळपट लाल फूल, जातीचं नाव घरात कुणालाच माहीत नाही आणि त्याचं टांगलेलं एकही झाड नाही. मी ते वर घेऊन गेले. चाकू स्पिरिटनं पुसला आणि आजींच्या समोर खोडाच्या खालून चकत्या करत गेले. काळी, काळी, तपकिरी, मग मध्ये तपकिरी कडं असलेली. आजी काही न बोलता प्रत्येक चकती हातात घेऊन बघत होत्या. शेंड्याच्या अगदी जवळ, शेवटच्या काही पेरांत, काप स्वच्छ हिरवट पांढरा आला.

"मग हे तुमच्याकडे घेऊन जा," त्या म्हणाल्या.

मी नाही म्हटलं. हे त्या दिवसातलं सगळ्यात अवघड होतं. जिरेनियमला जिवाणूंचा एक करपा होतो. उन्हाळ्यात तो पानाच्या कडेपासून आत जाणाऱ्या पिवळ्या पाचरीवरून ओळखू येतो, पण फेब्रुवारीतल्या मरतुकड्या पानांवरून खात्री देता येत नाही. मला पिथियमच वाटत होतं. तरीही आमच्या हरितगृहात शेकडो घरांची झाडं एकमेकांना चिकटून उभी असतात, आणि हा करपा पाण्याच्या शिंतोड्यानं, चाकूनं, हातानं पसरतो. नुसत्या वाटण्यावर मी तो धोका घेऊ शकत नव्हते. कुंड्यांतली झाडं मातीसकट कचऱ्यात, कंपोस्टच्या ढिगावर अजिबात नाही, असं सांगितलं. आजी रागावल्या, आणि त्यांचा राग मला पटत होता.

मग आम्ही मधला रस्ता काढला. गडद लालच्या शेंड्याच्या तीन काड्या घेतल्या, खालची पानं काढली, आणि त्या एक दिवस तशाच सुकू देऊन कोरडसर वाळूमिश्रित मातीत लावायच्या, स्वयंपाकघराच्या खिडकीत, असं ठरलं. वर प्लास्टिकची पिशवी घालायची नाही. इतर झाडांच्या काड्यांना ती मानवते, या काड्या तिच्या आत कुजतात. हे काम आजी खुर्चीत बसून करू शकत होत्या.

टांगलेली झाडं मात्र आम्ही नेली. व्हॅन आधी गरम करून घेतली, झाडं वर्तमानपत्रात आणि मग घोंगड्यांत गुंडाळली, कारण दारापासून व्हॅनपर्यंतच्या उणे आठमध्येही घात होऊ शकतो. रोपवाटिकेत ती इतरांपासून लांब, टोकाच्या बाकावर ठेवली. दोन-तीन डोळे राहतील इतकी छाटून खोडं वीतभराहून कमी केली, मुळं काही तास कोमट पाण्यात ठेवली, कुजकी कापली, लहान कुंड्यांत हलक्या मातीत लावली. एकदा पाणी दिलं आणि फुटवा दिसेपर्यंत हात आखडला. मार्चमध्ये करड्या खोडांवर डोळे फुगले. तीन हिश्शांतले दोन हिस्से जगले. काही खोडं आठवडाभर हिरवी राहून मग एकदम बसली; त्यांचं कारण मला सापडलं नाही.

इथे 11 ते 15 मे हे हिमसंतांचे, म्हणजे उशिराच्या गारठ्याची भीती असलेले, संतांच्या नावाचे दिवस मानतात. त्यांतली शेवटची 'थंड सोफी' गेल्याशिवाय जुनी माणसं जिरेनियम बाहेर काढत नाहीत. आम्हीही त्यानंतरच पेट्या पोचवल्या. गडद लालच्या दोन काड्या काळ्या पडल्या होत्या, एक लागली होती. आजींनी ती मला दाखवली, पण हातात दिली नाही.

नोव्हेंबरात सूनबाईंचा फोन आला. सगळी झाडं उपटून त्यांनी स्वतः टांगली होती. गडद लाल अजून लहान म्हणून कुंडीतच ठेवलं होतं, न तापणाऱ्या पुढच्या खोलीत, खिडकीशी. पाणी किती द्यायचं? कुंडी उचलून बघा, मी म्हटलं. हलकी लागली तरच अर्धी वाटी, सकाळच्या वेळी, आणि बशीत उतरलेलं ओतून टाका. ऑगस्टच्या शेवटी त्याच्या काड्या घ्या, निदान चार, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात सगळा भार एकाच झाडावर राहणार नाही. त्या म्हणाल्या, चार नको, आठ घेते. दोन तुमच्याकडे ठेवाल ना? या खेपेला मी हो म्हटलं.