विहिरीतलं पोहणं आणि मिरामारचा समुद्र

मला पोहायला येतं असं मी बत्तीस-तेहेतीस वर्षं समजत होते. कागल तालुक्यात आजोळी मळ्यात विहीर आहे, मी चौथीत असताना मेच्या सुट्टीत आबांनी पाठीला रिकामा डबा बांधून मला त्यात सोडलं, आठवड्याभरात डबा निघाला आणि मी तरंगायला लागले. आबा काठावरनं ओरडायचे, "मुंडी वर ठेव गं पोरी, समोर बघ, कुठं चाललीयस ते दिसाय पायजे." एवढंच काय ते माझं पोहण्याचं शिक्षण. लॉकडाऊननंतर सायकल चालवायला लागले, मग रंकाळ्याला पळायला लागले, ग्रुपमधल्या सगळ्यांनी म्हटलं दोन गोष्टी येतातच तर ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकामागोमाग, करून बघा, आणि मी पण म्हटलं, पोहणं तर लहानपणापासून येतंय की.

टँकवर पहिल्या दिवशी २५ मीटरच्या चार लेंग्थ मारल्या आणि कठडा धरून पाच मिनिटं नुसती धापा टाकत उभी राहिले. कोच माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण बोलायला एकदम स्पष्ट. म्हणाला, "मॅडम, दम कमी नाहीये तुमचा, मान वर आहे म्हणून पाय खाली जातायत, तुम्ही स्वतःलाच ओढत नेताय." डोकं वर आलं की कंबर आणि पाय बुडतात, मग अख्खं शरीर पाण्याला आडवं येतं. पुढचे अडीच महिने मी फक्त तळाकडे बघायला शिकले. पाण्यात तोंड घालून हळूहळू फुगे सोडायचे, श्वास घ्यायला डोकं उचलायचं नाही, अंगासोबत वळवायचं, एक डोळा पाण्यातच ठेवायचा. हे लिहायला दोन ओळी लागल्या पण बेचाळीसाव्या वर्षी जुनी सवय मोडणं फार अवघड जातं. सुरुवातीला रोज नाकात पाणी, रोज खोकला, दोनदा तर टँकच्या बाहेर येऊन रडले आहे. मग एक दिवस सलग ४०० मीटर झालं, आणि नंतर दोन आठवड्यांत सलग एक किलोमीटर. एकदा श्वास बसला की बाकी अंतर नुसतं वाढवत न्यायचं असतं.

पहिली मोठी रेस आमच्या घरचीच, कोल्हापूरची बर्गमन, त्यातलं ऑलिम्पिक अंतर, म्हणजे १.५ किलोमीटर पोहणं, ४० सायकल, १० पळणं. पोहणं राजाराम तलावात. टँकमध्ये तळाला काळी पट्टी असते, तिच्यावरून सरळ जायचं. तलावात पाणी हिरवं, स्वतःचा हातसुद्धा कोपरापुढं दिसत नव्हता. मी शिकवल्याप्रमाणे मान खाली घालून अगदी छान लयीत पोहत होते आणि छान लयीतच भलतीकडे निघाले होते. कयाकवरचा, म्हणजे छोट्या होडीतला, मुलगा ओरडला, "ओ ताई, उजवीकडं, उजवीकडं!" तेव्हा वर बघितलं तर बॉय, म्हणजे मार्ग दाखवायला पाण्यावर तरंगत ठेवलेली खूण, माझ्यापासून निदान सत्तर मीटर लांब. घड्याळात शेवटी १.९ किलोमीटर आलं, म्हणजे ४०० मीटर मी फुकट पोहले.

सोमवारी कोचला सांगितलं तर तो म्हणाला आता साइटिंग शिकायचं. दर आठ-दहा हातांनी फक्त डोळे पाण्यावर काढायचे, बॉय बघायचा आणि परत मान खाली. त्यासाठी त्याने एक ड्रिल दिलं, २५ मीटर पूर्ण मान वर काढून फ्रीस्टाइल. टँकवरच्या बाकीच्या सगळ्यांना ते जड जात होतं, मानेला रग लागत होती, आणि मी मात्र एका दमात दोन लेंग्थ मारून आले. कोच म्हणाला, "मॅडम, हे कुठं शिकलात?" मला बोलताच येईना. आबा जाऊन आता अकरा वर्षं झाली.

सामानाबद्दल बरेच जण विचारतात म्हणून लिहिते. सगळ्यात वाईट खरेदी म्हणजे वेटसूट, थंड पाण्यात ऊब देणारा अंगाला घट्ट बसणारा रबरी सूट. मी ज्या दुकानात गेले तिथे मला सांगितलं की समुद्रात पोहायचं तर लागणारच, मी चौदा हजार मोजले, आणि नंतर नियम वाचला तर आयर्नमॅनच्या रेसमध्ये (लांब पल्ल्याची ट्रायथलॉन, माझी पुढची रेस गोव्यातली तीच) हौशी स्पर्धकांना पाणी २४.५ अंशापर्यंत असेल तरच तो चालतो. गोव्यात ऑक्टोबरमध्ये पाणी २८ च्या आसपास असतं. एकदाही न घातलेला तो सूट कपाटात आहे. आधी नियम वाचा आणि मगच पैसे खर्च करा, कळकळीने सांगतेय. त्याउलट नारिंगी फ्लोट, जो कमरेला बांधून मागे तरंगत ठेवतात, तो हजाराच्या आत येतो आणि तलावात सराव करताना त्याच्याशिवाय उतरूच नका, एकटं तर कधीच नको, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. सायकल माझी अजून सेकंडहँड अॅल्युमिनियमचीच आहे, तिला २८ एमएमचे टायर टाकले आणि एका जाणकाराकडे बसून सीटची उंची, हँडलचं अंतर नीट करून घेतलं, त्याने माझी गुडघेदुखी गेली. कार्बनची सायकल घेऊन जी गेली नसती.

रविवारी सकाळी वाघबिळावरून पन्हाळा, खाली आलं की सायकल लावायची, बूट बदलायचे आणि लगेच रंकाळ्याला पळत एक राउंड, याला ब्रिक म्हणतात. पहिली दहा-पंधरा मिनिटं पाय आपले वाटतच नाहीत. लांब राइड असली की गगनबावडा, जाऊन-येऊन ११० होतात. खाण्याचा प्रयोग तिकडेच केला. तासाला साधारण ६० ग्रॅम कार्ब्ज पोटात गेले पाहिजेत असं सांगतात, नुसत्या एनर्जी जेलने मला मळमळायचं, मग गूळ-शेंगदाण्याची चिक्की, मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि बाटलीत ओआरएस यावर मी आले. पळताना मात्र जेलच, चिक्की चावत पळता येत नाही.

आणि मग गोवा, आयर्नमॅन ७०.३, २७ ऑक्टोबर २०२४. सायकल कारवर बांधून आंबोलीमार्गे गेलो, सोबत आमचे हे आणि मुलगा. १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं. पोहण्याला १ तास १० मिनिटांची मर्यादा, सगळं मिळून साडेआठ तास. मिरामारच्या वाळूवर उभी राहिले तेव्हा बाकी काही नाही, फक्त पोहण्याचीच भीती वाटत होती. समुद्रात लाट समोर असताना डोकं काढलं तर पाण्याची भिंतच दिसते, बॉय नाही. लाटेने वर उचललं की त्या क्षणी बघायचं. किनाऱ्याकडे वळलो तर सूर्य थेट डोळ्यात, तेव्हा पाण्याच्या लेव्हलला काहीच दिसेना, मग मी सरळ आबांचं पोहणं पोहले, मुंडी पूर्ण वर, चार हात, समोर बघायचं, परत खाली. खारं पाणी गिळून जीभ जाड झाली होती. बाहेर आले, घड्याळ बघितलं, ५४ मिनिटं!

सायकलला ३ तास ५२ लागले. रस्ता सपाट नाही, चढ-उतार सतत येत राहतात, पण पन्हाळ्यावर केलेलं सगळं कामाला आलं. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही हा नियम मी घरच्या अंगणात पन्नास वेळा घोकला होता. पळताना उकाड्याने जीव गेला, २ तास ४६, त्यातलं बरंचसं चालणंच. प्रत्येक पाणी पॉइंटला टोपीत बर्फ टाकून घेत होते आणि दोना पावलाच्या रस्त्यावर अनोळखी लोक बिबवरचं, म्हणजे अंगावरच्या नंबरपट्टीवरचं, नाव वाचून हाका मारत होते. एकूण ७ तास ४८ मिनिटं. मुलाने फिनिशला मिठी मारली आणि म्हणाला, "आई, तुझ्या अंगाला मिठाचा वास येतोय."

मिरामारला पोहत आत जाताना लाटा उजवीकडून येत होत्या आणि मला फक्त उजवीकडूनच श्वास घेता येतो, जे काही पाणी गिळलं ते त्यामुळेच. म्हणून सध्या टँकवर डावीकडून श्वास घ्यायला शिकतेय. परत फुगे, परत नाकात पाणी, कालच्या दिवसात सलग सहा लेंग्थ डावीकडून झाल्या, सातवीला उजवीकडे वळले.