सिंगल बेल

नौपाड्यातल्या त्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही आणि काका राहतात दुसऱ्या मजल्यावर. उजव्या खुब्याचा सांधा झिजलेला, त्यामुळे महिनाभर खाली उतरलेच नव्हते. डॉक्टरांनी काठी सांगितली, मुलाने अ‍ॅल्युमिनियमची आणून दिली. मी फिजिओथेरपीसाठी पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्यावर टॉवेल वाळत होता.

"चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो मॅडम. माळशेजच्या घाटात दांडा न धरता तिकिटं फाडली. आता काठी धरू?"

"एकदा चालून तर दाखवा," म्हटलं.

काठी त्यांनी उजव्या हातात घेतली. बहुतेक जण हेच करतात, दुखतं तिथेच आधार द्यावासा वाटतो. त्यात उंची सगळ्यात वरच्या भोकावर, म्हणजे खांदा कानाला टेकलेला. अशा काठीवर मीही टॉवेलच टाकला असता.

चपला घालायला लावल्या, हात सैल सोडायला सांगितला आणि मूठ मनगटाच्या घडीइतकी खाली आणली. आता कोपर जरासा वाकत होता. मग काठी डाव्या हातात दिली.

"दुखतोय उजवा आणि काठी डावीकडे?"

"काका, गाडीतले सगळे पॅसेंजर एकाच बाजूला गेले तर?"

"कलते की."

"तसंच. उजव्या पायावर उभं राहिलं की कंबर डावीकडे कलायला बघते. तिला सावरायला उजव्या खुब्याचे स्नायू जोर लावतात आणि त्या ओढीने झिजलेला सांधा आणखी दाबला जातो. डावीकडून टेकू मिळाला की ओढ कमी."

हॉलमध्ये चार फेऱ्या मारल्यावर ते काही बोलले नाहीत. काकूंना म्हणाले, "टॉवेल दुसरीकडे टाक."

जिना मात्र त्याच दिवशी उतरायचा हट्ट त्यांचा. एका हातात कठडा, दुसऱ्यात काठी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा आधी. मी एक पायरी खाली, त्यांच्याकडे तोंड करून. पहिल्या मजल्यावर शेजारच्या वहिनी भाजीची पिशवी घेऊन वर येत होत्या. काकांनी झटकन काठी पाठीमागे लपवली! कठडा घट्ट धरून, ताठ उभे, चेहऱ्यावर हसू. वहिनी वर जाईपर्यंत माझाच जीव वर-खाली. मी रागवणार होते, पण गप्प बसले.

खाली पाच मिनिटं दारात उभे राहिले, रिक्षा बघत. परत चढताना मी मागे होते. अर्ध्या जिन्यात पाऊल थांबलं. श्वास लागलेला, मान वळवली नाही.

"सिंगल बेल," म्हणाले.

थांबलो. या वेळी वरून कुणीतरी उतरत होतं. काठी होती तिथेच राहिली.

मिनिटभराने मी पेनने कठड्यावर दोनदा टकटक केलं, आणि त्यांनी डावा पाय वरच्या पायरीवर टाकला.