सुई फुप्फुसात असताना श्वास किती घ्यायचा?

सावंतवाडी-कुडाळहून गोव्यात बांबोळीला किंवा रत्नागिरीहून कोल्हापूर-मुंबईला सीटी स्कॅनवर बघत सुईने फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा काढायला (बायोप्सीला) जाणारा पेशंट सुईला घाबरलेला असतो. नर्सने मात्र त्याचा श्वास सांभाळायचा.

फुप्फुसाच्या खालच्या भागातली गाठ श्वासागणिक एक-दोन सेंटीमीटर सरकते. स्कॅनला छातीभर श्वास आणि सुईच्या वेळी अर्धाच, असं झालं की गाठ चुकते, पुन्हा टोचावं लागतं आणि फुप्फुसातून छातीत हवा गळण्याचा धोका वाढतो. म्हणून ज्या कुशीवर झोपवणार त्याच कुशीवर आधी पाच-सहा वेळा सराव करून घ्या: नेहमीसारखा श्वास घ्या, सोडा, थांबा. मोठा श्वास नको, तो दर वेळी वेगळा होतो. मशीनमधली सूचना बऱ्याचदा हिंदीत येते. मालवणी बोलणारी आजी तिथेच गोंधळते. सरावातलेच शब्द माइकवरून बोलायला टेक्निशियनना सांगा. खोकला आला तर बोलायचं नाही, बोट हलवायचं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची नावं विचारत बसू नका, पाकिटंच मागवा. क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन साधारण ५ दिवस आधी थांबवतात, पण स्टेंट असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) १.५ च्या आत आणि प्लेटलेट ५०,००० च्या वर हव्यात.

नमुन्याची एक चूक फार महागात पडते. आपल्याकडे गाठ टीबीचीही निघते. सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकले तर जंतू मरतात आणि कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) होत नाही. टीबीची शंका असेल तर एक तुकडा निर्जंतुक सलाईनमध्ये वेगळा ठेवा. डबीवर नाव पेशंटसमोरच लिहा.

सुई निघाली की टोचलेली बाजू खाली करून झोपवा. वजनाने ते छिद्र दाबलं जातं. रक्त आलंच तर चांगल्या फुप्फुसात उतरत नाही. पहिला तास दर १५ मिनिटांनी नाडी, बीपी, श्वासाचा वेग, ऑक्सिजन. एक्स-रे साधारण तासाने आणि पुन्हा तीन-चार तासांनी. "माका दम लागता" हे मॉनिटरवर ऑक्सिजन ९७ दिसत असलं तरी खरं माना. अचानक छातीत किंवा खांद्यात कळ, कोरडी ढास, एका बाजूला श्वासाचा आवाज कमी: लगेच ऑक्सिजन लावा, डॉक्टरांना बोलवा. छातीत नळी घालायचा ट्रे आणि ती नळी जोडायची पाण्याची बाटली आधीच तयार हवी.

थुंकीत रक्ताची रेघ एक-दोन दिवस चालते. चमचाभर ताजं रक्त चालत नाही.

पहिली रात्र इस्पितळाजवळच काढायला सांगा, शक्यतो परतीची गाडी त्याच दिवशी नको. आठवडाभर आंब्याच्या पेट्या, रहाटाचं पाणी, रापण ओढणं बंद. आरतीला शंख फुंकणंही बंद, हे मुद्दाम सांगावं लागतं. आणि सुई कुठल्या बाजूने घातली ते डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहा, म्हणजे रात्री गावच्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर त्यांना कान कुठे लावायचा ते कळेल.