खुब्याची वाटी आणि कॅमेऱ्याची नजर

खुब्याचा सांधा बदलताना त्यात बसवायच्या कृत्रिम वाटीचा कोन नुसत्या नजरेनं ठरवणं फसवं. कुशीवर झोपवलेल्या रुग्णाची कंबर ओढाताणीत हलते. म्हणून कमरेच्या हाडात पिना रोवून ट्रॅकर, म्हणजे कंबर कुठे आहे ते दाखवणारी खूण, बसवतात आणि इन्फ्रारेड कॅमेरा त्याचे चमकते गोळे टिपतो. मग कमरेचे पुढचे दोन्ही उंचवटे आणि प्यूबिक हाड (ओटीपोटाखालचं, पुढचं मधलं हाड) प्रोबनं, म्हणजे टोकदार सळईनं, टेकून संगणकात नोंदवायचे. खरी गोम इथेच आहे! प्यूबिक हाडावर चरबी जाड असली की बिंदू हाडाच्या वरच नोंदला जातो आणि वाटीचा पुढे झुकण्याचा कोन चुकीचा दिसतो. प्रोब हाड लागेपर्यंत दाबाच. वाटीच्या सुरक्षित कोनांची लेविनेक या संशोधकाची चौकट (बाजूला कलण्याचा कोन ४०±१० आणि पुढे झुकण्याचा १५±१० अंश) १९७८ची. आकडे तिच्यात बसले तरी नोंदणीच चुकली असेल तर उपयोग नाही. गोळ्यावर रक्त उडालं तर लगेच पुसा. पिन सैल झाली तर नोंदणी पुन्हा पहिल्यापासून.