‘जो-तो’ची खोड

मी भोसरीत पंप बनवणाऱ्या एका कंपनीत मॅन्युअलं लिहितो. शाळा बार्शीची, मराठी माध्यम, इंग्रजी पाचवीपासून. विरामचिन्हांबद्दल गुरुजींनी एवढंच शिकवलं होतं: स्वल्पविरामाला एक म्हणेपर्यंत थांबायचं, पूर्णविरामाला दोन. ते वाचण्यासाठी होतं. मी लिहायलाही तेच लावलं. जिथे दम लागेल तिथे स्वल्पविराम.

अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाकडे गेलेलं माझं पहिलं मॅन्युअल लालेलाल होऊन परत आलं. त्यातलं एक वाक्य अजून पाठ आहे: ‘ऑपरेटर्स, हू हॅव नॉट बीन ट्रेन्ड, मस्ट नॉट ओपन द व्हॉल्व्ह.’ समासात प्रश्न होता, तुमचा एकही ऑपरेटर ट्रेन्ड नाही का?

मला आधी कळेचना. मग साहेबांनी पेन्सिलीनं दोन स्वल्पविरामांमधला मजकूर झाकला आणि म्हणाले, ‘आता वाच.’ उरलं ते असं, की ऑपरेटर्सनी व्हॉल्व्ह उघडू नये. मग उघडायचा कोणी, वॉचमननं? अशा वाक्यात दोन स्वल्पविरामांतला मजकूर कंसातल्यासारखा असतो, जाता जाता दिलेली माहिती. म्हणजे माझ्या लेखी सगळेच ऑपरेटर बिनट्रेनिंगचे, आणि सगळ्यांनाच बंदी. दोन्ही स्वल्पविराम काढले की बंदी फक्त न शिकलेल्यांपुरती राहते.

माझ्या हातून ते पडले कुठून, हे मला बऱ्याच दिवसांनी उमगलं. मी मनात मराठीत लिहीत होतो: ‘ज्यांनी ट्रेनिंग घेतलेलं नाही, त्यांनी व्हॉल्व्ह उघडू नये.’ इथे स्वल्पविराम नसेल तर वाक्य उघडं पडल्यासारखं वाटतं. कोणते ऑपरेटर हे ठरवायचं काम आपल्याकडे ‘ज्यांनी-त्यांनी’ करतात, स्वल्पविराम नुसता बाजूला उभा असतो. इंग्रजीत ते ठरवायचं कामच त्याच्याकडे. तसंच ‘पंप बंद होता, व्हॉल्व्ह उघडा होता’ हे मराठीत बिनबोभाट चालतं. इंग्रजीत दोन पुरी वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडली की लाल पेन आलंच. तिथे ‘अँड’ घाला, अर्धविराम द्या, नाहीतर सरळ पूर्णविराम.

गंमत म्हणजे ही चिन्हं मुळात आपली नाहीतच. मोडीत तर शब्दही सुटे न करता सलग लिहायचे. मेजर थॉमस कँडीनं १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून ही चिन्हं मराठीत रुजवली. चिन्हं साहेबाची आली, वाक्यं आपलीच राहिली.

यादीत शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम हवा, हा त्या गिऱ्हाइकाचा आणखी एक हट्ट. शाळेत तर तो द्यायचा नाही असंच शिकलो होतो. मला ती निव्वळ किरकिर वाटायची. मग अमेरिकेतल्या मेन नावाच्या राज्यातल्या ओकहर्स्ट डेअरीचा खटला वाचनात आला. ओव्हरटाइम कोणत्या कामांना नाही, याची तिथल्या कायद्यात यादी होती आणि तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असं होतं, ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम न देता. ड्रायव्हर म्हणाले, स्वल्पविराम नाही म्हणजे ‘डिस्ट्रिब्यूशन’ हे वेगळं काम नाही, यात फक्त त्यासाठीचं पॅकिंग आलं, आम्ही तर माल पोचवतो. २०१७ मध्ये अपील कोर्टानं त्यांच्या बाजूनं कौल दिला, २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. नंतर त्या राज्यानं कायद्याच्या यादीत थेट अर्धविरामच घातले. तेव्हापासून मी तो स्वल्पविराम निमूटपणे देतो. अवतरणचिन्हाच्या आत पूर्णविराम कोंबायची अमेरिकन पद्धत मात्र मला अजून पटलेली नाही. पगारापुरती पाळतो.

या सगळ्यानं घरी त्रासच होतो. दादानं बार्शीच्या नव्या बंगल्यावर पितळी पाटी लावली, ‘द शिंदे’ज’. नुसतं ‘शिंदे मंडळी’ म्हणायचं तर ‘ज’च्या आधीचा, वर लटकणारा तो टिंब (अपॉस्ट्रॉफी) नको, आणि ‘शिंद्यांचं घर’ म्हणायचं तर तो ‘एस’च्या पुढे हवा. वास्तुशांतीला मी पाटीखाली उभा राहून फोटो काढला, पेढा खाल्ला. टिंब वेगळा ओतून दोन स्क्रूंनी बसवलाय. दादा अर्धा तास स्क्रूंबद्दलच सांगत होता.