सोआवे: मांडवाखालची पांढरी वाइन

इटलीतल्या वेरोनाच्या पोर्ता नुओवा स्टेशनावर व्हेनिसकडे जाणारी साधी पॅसेंजर पकडायची आणि वीसेक मिनिटांत सान बोनिफाचोला उतरायचं. तिथून सोआवे गाव चार-पाच किलोमीटर. बहुतेक पर्यटक ज्युलिएटच्या सज्जाखाली फोटो काढतात आणि थेट व्हेनिस गाठतात. त्यांचं त्यांना लखलाभ.

मी तासगावकडचा. द्राक्षबाग दिसली की आधी मांडवाकडे नजर जाते, आणि इथेही मांडवच! फक्त एका अंगाला वर उचललेला. याला पेर्गोला वेरोनेझे म्हणतात. घड पानांच्या सावलीत खाली लोंबतात, त्यामुळे ऊन लागत नाही आणि वारा खेळता राहतो. ऑक्टोबर संपत आला होता. आमच्याकडे या दिवसांत फळ धरायच्या गोड छाटणीची गडबड असते, तर इथे माल नुकताच निघालेला आणि पानं पिवळी पडलेली. गारगानेगा ही इथली मुख्य जात जाड सालीची आणि उशिरा पिकणारी. सोआवे वाइनमध्ये ती किमान 70 टक्के असावीच लागते. उरलेल्यात बहुधा त्रेब्बियानो दि सोआवे किंवा शार्दने.

गावाभोवती वेरोनावर राज्य केलेल्या स्कालिजेरी घराण्याच्या काळातली तटबंदी आहे, वर किल्ला. किल्ला बघावा, पण त्यात दिवस घालवू नये. खरी मजा मागच्या टेकड्यांत. पश्चिमेकडे चुनखडीची जमीन, तर मोंतेफोर्ते दाल्पोनेच्या बाजूला जुन्या ज्वालामुखींचा काळा बसाल्ट. दख्खनच्या माणसाला हा दगड ओळखायला पाटी लागत नाही. या पारंपरिक बागांना 2018 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने (एफएओ) जागतिक कृषी वारशाचा दर्जा दिला.

एका लहानशा घरगुती वाइनरीत दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवले गेले, एक सपाटीवरच्या मालाचा, दुसरा टेकडीवरच्या बसाल्टचा. पहिला स्वच्छ, हलका, लिंबाच्या अंगाने जाणारा. घोट गिळला की विषय संपला. दुसऱ्याला आधी पांढऱ्या फुलांचा वास, मग पिकलेला पीच, जिभेवर किंचित खारटपणा, आणि शेवटी सालीसकट बदाम चावल्यावर राहतो तसा कडसरपणा. तो कडसरपणा बराच वेळ जात नाही. गारगानेगाची ओळख तीच.

आणि लेबलावर दोन्हीकडे सोआवेच! गोम इथेच आहे. जुना टेकड्यांचा भाग म्हणजे क्लासिको. 1968 मध्ये डीओसी, म्हणजे वाइनच्या मूळ प्रदेशाची सरकारी मान्यता, मिळाली तेव्हा हद्द सपाटीवरही पसरली. मग गाडीभर माल, पाण्यासारखी पातळ वाइन आणि अमेरिकेतली तुफान विक्री. नाव झालं आणि त्याच नावाने पत गेली. आजही सुपरमार्केटची स्वस्त बाटली पिऊन ‘सोआवेत काय दम नाही’ म्हणणारे भेटतात. त्यांनी प्यायलेल्या बाटलीबद्दल ते बरोबरच असतात म्हणा. 2019 पासून 33 ठरावीक क्षेत्रांची नावं लेबलावर छापायला परवानगी आहे. ‘क्लासिको’ आणि असं एखादं नाव दिसलं की चार युरो जास्त मोजायला हरकत नाही.

जेवणाचं म्हणाल तर दक्षिणेला इझोला देल्ला स्कालाकडे पिकणाऱ्या व्हियालोने नानो तांदळाचा रिसोतो, म्हणजे इथला मऊसर भात. मला भोपळ्याचा मिळाला, वर लेस्सिनियाच्या डोंगरातलं मोंते व्हेरोनेझे चीज किसलेलं. भोपळ्याची गोडी आणि वाइनचा कडसरपणा छान जमतो. वसंतात आलात तर कोलोन्योला आय कोल्लीचे मटार नाहीतर बास्सानोचा पांढरा अ‍ॅस्पॅरॅगस घ्या. मासे खाणाऱ्यांना गार्दा सरोवराचे मासे आहेतच. सुरमईच्या तिखट रश्शाबरोबर मात्र ही उघडू नका, मसाल्यापुढे तिचा आवाजही येणार नाही. आणि फ्रीजमधून काढल्या काढल्या पिऊ नका. 10-12 अंशांवर वास मोकळा होतो.

त्याच वाइनरीचा जिना चढून माळ्यावर गेलो तर समोर आमची बेदाणा शेड! रॅकवर रॅक, त्यांवर पसरलेले घड, मध आणि जर्दाळूसारखा दाट वास. आमच्याकडे घड द्रावणात बुडवून (डिपिंग) पंधरा-वीस दिवसांत बेदाणा तयार होतो. इथे बुडवणं नाही, घाई नाही. खिडक्या उघड्या ठेवून चारेक महिने मणी आकसू देतात आणि थंडीच्या शेवटी त्यांचा रस काढतात. तीच रेचोतो दि सोआवे, सोनेरी आणि गोड. 1998 मध्ये व्हेनेतो प्रांतातली पहिली डीओसीजी, म्हणजे डीओसीच्या वरचा दर्जा, तिला मिळाली. वेरोनाकडच्या सुकवलेल्या द्राक्षांच्या वाइनची तारीफ सहाव्या शतकात ऑस्ट्रोगॉथ राजांचा मंत्री कॅसिओडोरस याने लिहून ठेवली आहे, म्हणजे हा माळ्यावरचा उद्योग कालचा नव्हे.

रेचोतोबरोबर इथे पान्दोरो केक देतात. गोडावर गोड मला झेपलं नाही. निळ्या बुरशीचं खारट चीज मागून घेतलं, आणि ते संपेपर्यंत दुसरा ग्लास आलेला होता.